पहिला नंबर कोणाचा? शहरांची क्रमवारी आणि पुण्याचा न मोजलेला इतिहास

पुणे मोठे की मुंबई? इंदूर स्वच्छ की नवी मुंबई? हवा नाशिकची चांगली की पुण्याची? महाराष्ट्रात चार माणसे एकत्र जमली की असले वाद आपोआप सुरू होतात. पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांची तुलना करून अख्ख्या महाराष्ट्राला हसवले. आम्हीही हसलो. पण हसता हसता एक गोष्ट लक्षात आली. त्या विनोदातला पुणेकर पेठेतल्या वाड्यात राहतो. तो कासेवाडीत राहत नाही, लोहियानगरात राहत नाही, ताडीवाला रस्त्यावरच्या वस्तीत तर मुळीच राहत नाही. विनोदाचे ठीक आहे. विनोदाकडे कोणी जनगणनेचा तक्ता मागत नाही. परंतु सरकार जेव्हा आकडे हाती घेऊन शहरांना नंबर वाटू लागते आणि तेव्हाही पुणेकर म्हटल्यावर तोच माणूस डोळ्यांसमोर येतो, तेव्हा प्रश्न विचारावाच लागतो.

शहरांची तुलना करणे, त्यांना नंबर देणे हा रिकामटेकडा उद्योग आहे काय? आमचे काही कार्यकर्ते मित्र तसे म्हणतात. आम्हाला ते मान्य नाही. तुलना केलीच पाहिजे. तुलना केल्याशिवाय अन्याय दिसत नाही. पण मोजपट्टी कोणाच्या हातात आहे आणि ती वरच्या टोकाकडून लावली की तळाकडून, हे आधी ठरले पाहिजे. ते न ठरवता केलेली तुलना म्हणजे गावकीतल्या मानपानाचे भांडण, दुसरे काही नाही. हे आमचे म्हणणे पुण्याच्याच इतिहासाच्या आधाराने मांडतो.

आधी अलीकडची हकिकत. १३ ऑगस्ट २०१८ रोजी केंद्र सरकारच्या गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाने जगण्यास सुलभ अशा शहरांची यादी जाहीर केली. १११ शहरे मोजली गेली. पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी. मार्च २०२१ मध्ये दुसरी यादी आली. या वेळी दहा लाखांहून मोठ्या शहरांचा गट वेगळा केला होता आणि त्यात ४९ शहरे होती. बंगळूरु पहिले आले, पुणे दुसरे. स्वच्छ सर्वेक्षणाची क्रमवारी यापेक्षा वेगळी. त्यात पुणे २०१९ मध्ये ३७वे, २०२० मध्ये १५वे आणि २०२१ मध्ये पाचवे.

आता विचार करा. २०१८ साली पुणे देशात जगायला सर्वांत सोपे शहर होते आणि पुढच्याच वर्षी स्वच्छतेत ते ३७वे होते. तेथून दोन वर्षांत ते पाचवे झाले. या काळात पुण्याचे रस्ते झाडणारे हात बदलले का? गटारात उतरणाऱ्या माणसांची जात बदलली का? नाही. बदलले ते गुण, रकाने आणि कागदपत्रे सादर करण्याचे कसब. कारभार सुधारलाच नाही असे आम्ही म्हणत नाही. काही बाबतींत तो सुधारला असेलही. पण आपण नेमके काय मोजतो आहोत, हा संशय येथूनच सुरू होतो.

या याद्यांचा मोठा दोष म्हणजे सरासरी. संपूर्ण शहराला मिळून एक गुण मिळतो, वस्तीवस्तीला वेगळा मिळत नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे पुणे महापालिका हद्दीत ३१ लाखांहून अधिक लोक राहत होते आणि त्यांपैकी सुमारे ६ लाख ९० हजार झोपडपट्टीत होते. म्हणजे पाच पुणेकरांतला एकाहून अधिक माणूस. कोरेगाव पार्कचे पाणी आणि जनता वसाहतीचे पाणी एका हंड्यात ओतायचे, हंड्याला माणसांच्या संख्येने भागायचे आणि मग सांगायचे की पुणेकराला अमुक लिटर पाणी मिळते. गणित बरोबर असते. पण ज्याच्या नळाला पहाटे अर्धा तास पाणी येते, त्याच्या घरात हे गणित पोहोचत नाही. सरासरी हा शब्द दिसायला समतेचा वाटतो, प्रत्यक्षात तो विषमता झाकायच्या कामी येतो.

ही झाली आजची गोष्ट. आता आपण हीच मोजपट्टी मागे नेऊन पाहू. समजा, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील शहरांची अशी यादी कोणी केली असती, तर पेशव्यांचे पुणे कितवे आले असते? फार वर. राज्याची राजधानी, सावकारांच्या पेढ्या, नव्या नव्या पेठा, कात्रजहून आणलेले हौदांचे पाणी, पर्वतीवरचे देऊळ, दक्षिणेसाठी दूरदूरहून येणारे शास्त्रीपंडित. आजच्या भाषेत सांगायचे तर पायाभूत सुविधा उत्तम, अर्थव्यवस्था तेजीत, विद्वत्ता ओसंडून वाहते आहे. त्याच पुण्याबद्दल बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथात लिहून ठेवले आहे की, अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून आणि गळ्यात मडके अडकवून चालावे लागे. पाऊल उमटले तर झाडूने पुसायचे, थुंकी आली तर मडक्यात थुंकायचे. एकच शहर, एकच काळ. एका माणसासाठी ते पहिल्या क्रमांकाचे आणि दुसऱ्यासाठी नरकाचे.

पुण्याचा पहिला प्रामाणिक लेखाजोखा कोणत्याही मंत्रालयाने केलेला नाही. तो एका मुलीने केला. मुक्ता साळवे ही महात्मा फुल्यांच्या शाळेतली मातंग समाजाची विद्यार्थिनी. तिने लिहिलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापला गेला. त्या वेळी ती किशोरवयीन होती. पेशवाईत मांग-महाराने तालीमखान्यासमोरून जाण्याचे धाडस केले तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या मस्तकाचा चेंडू करून खेळ होत असे, हे तिने त्या निबंधात नोंदवले. ज्यांना राजवाड्याच्या दारावरून जाण्याचीही मुभा नव्हती त्यांना शिकण्याचे स्वातंत्र्य कुठून मिळणार, असा तिचा रोकडा सवाल होता.

वाचकहो, ही पद्धत नीट पाहा. मुक्ताने पुण्याची तुलना मुंबईशी केली नाही, कलकत्त्याशी केली नाही. तिने पुण्याची तुलना पुण्याशीच केली. कालच्या पुण्याची आजच्या पुण्याशी आणि वाड्यातल्या पुण्याची मांगवाड्यातल्या पुण्याशी. मोजपट्टी तिने तळाकडून लावली. आज त्याच गुलटेकडीवर मार्केट यार्ड आहे. तेथे पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांना गुलटेकडीचा हा इतिहास कोणी शाळेत शिकवला असेल काय, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे.

पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणतात. शहराच्या प्रत्येक तुलनेत हा हुकमी पत्ता बाहेर निघतो. आम्ही तो पत्ता उलटून पाहतो. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पेशवाईतल्या दक्षिणा निधीतून तिचा खर्च चाले आणि सुरुवातीला तेथे फक्त ब्राह्मण विद्यार्थ्यांना प्रवेश होता. पुढे त्याच संस्थेतून डेक्कन कॉलेज उभे राहिले. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. माहेर म्हणजे जेथे लेकीला हक्काने जाता येते ते घर. या माहेरघरात शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि दगड पडले. मग हे माहेरघर होते कोणाचे?

आणि हे १८४८ वरच संपत नाही. २०१८ मध्ये पुण्याचा पहिला क्रमांक आला तेव्हा भिडेवाडा मोडकळीला आलेला होता. तेथे राष्ट्रीय स्मारक व्हावे म्हणून फुले-आंबेडकरी जनता वर्षानुवर्षे मागणी करत होती आणि जागेचा वाद न्यायालयात रखडला होता. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन तो वाद संपला आणि डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने ताबा घेऊन स्मारकासाठी जुनी इमारत उतरवली. विद्येच्या नावाने मिरवणाऱ्या शहराला आपल्या पहिल्या मुलींच्या शाळेची जागा ताब्यात घ्यायला पावणेदोनशे वर्षे लागली. हा आकडा कोणत्या यादीत मोजला गेला?

नगराच्या शोभेवर पैसा खर्च करायचा की माणसावर, हा वादही पुण्याला नवा नाही. जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे नेमलेले सभासद होते. व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवण्यासाठी एक हजार रुपये खर्चाचा प्रस्ताव आला. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणासाठी वापरा, असे जोतीरावांनी सांगितले आणि ३२ सभासदांत एकट्याने विरोधी मत दिले. आजही पाहणी पथक येणार म्हटले की भिंती रंगतात, दुभाजकावर कुंड्या बसतात. ते एकाकी मत आजच्या पुण्यातही तितकेच लागू पडते.

पुढे १९२४ मध्ये पुण्याच्या मंडईत टिळकांचा पुतळा उभा राहिला. त्यानंतर १९२५ मध्ये केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत जोतीरावांच्या पुतळ्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा तो फेटाळला गेला. त्या वादळात दिनकरराव जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक आले, त्यावर खटला झाला आणि आरोपींच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. १९२६ मध्ये आरोपी सुटले. शहराचा चेहरा म्हणून कोणाला दाखवायचे यावर हे भांडण होते. शहराचा नंबर ठरवण्याआधी शहराचा चेहरा ठरतो, आणि तो ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

१३ ऑक्टोबर १९२९ रोजी शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांचे सहकारी पर्वतीच्या पायऱ्या चढायला निघाले. मंदिर सर्वांना खुले असावे एवढीच मागणी. त्यांच्यावर दगडफेक झाली, राजभोज जखमी झाले. पर्वती आजही पुण्याच्या जाहिरातीतले आवडते ठिकाण आहे. वरून शहर किती सुंदर दिसते हे सगळे सांगतात. त्याच पायऱ्यांवर कोणाचे रक्त सांडले हे सांगणारा माणूस क्वचित भेटतो.

येथे कोणी म्हणेल, तुम्हाला पुण्याचा राग आहे, म्हणून पुण्याच्याच कुंडल्या काढता. तसे नाही. आमचा मुद्दा पुण्यापुरता नाहीच. बडोद्याचे उदाहरण घ्या. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये आपल्या संपूर्ण राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातही ते नव्हते. १९१० मध्ये बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. बाबासाहेबांना अमेरिकेला पाठवणारी शिष्यवृत्तीही याच महाराजांची. १९१७ मध्ये हिंदुस्थानातील शहरांची प्रगतीनुसार यादी केली असती, तर बडोदा पहिल्या पाचांत निश्चित बसले असते.

त्याच १९१७ मध्ये न्यूयॉर्क आणि लंडन पाहून आलेले आंबेडकर बडोद्यात नोकरीसाठी उतरले आणि त्यांना राहायला खोली मिळाली नाही. नाव बदलून ते एका पारशी वसतिगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढले. एका हिंदू मित्राने कारण सांगितले, ख्रिस्ती मित्रानेही सांगितले. आसरा मिळाला तो सार्वजनिक बागेत, आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परत आले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला, महाराजांचा शिष्यवृत्तीधारक, दरबारचा नोकर. आणि शहरात त्याला चार भिंती मिळत नाहीत. ग्रंथालय मोजणाऱ्या मोजपट्टीला बडोदा थोर दिसते. भाड्याच्या खोलीचे दार ठोठावणाऱ्या माणसाला वेगळेच बडोदे दिसते. दोन्ही खरे आहे. पण पहिले मोजले जाते आणि दुसरे आठवणींत राहते.

मुंबईचेही तसेच. खेड्यातल्या महारकीतून सुटण्यासाठी आमचे आजे-पणजे मुंबईला गेले. गिरणीने त्यांना रोख पगार दिला, चाळीने एकत्र येण्याची जागा दिली. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली तीही मुंबईतच. हे मुंबईचे ऋण आम्ही मानतो. परंतु त्याच मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता, कारण तेथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. म्हणजे मुंबई खेड्यापेक्षा शंभर पटींनी बरी, पण विणकाम खात्याच्या दारात तीही खेडेच. बाबासाहेबांनी आम्हाला खेडे सोडून शहराकडे जायला शिकवले ते शहर पवित्र आहे म्हणून नव्हे. शहरात गर्दीत मिसळता येते, रोख मजुरी मिळते, शाळा जवळ असते म्हणून. ही तुलनाच होती. तीत शहराच्या कीर्तीला भाव नव्हता. तेथे गेल्यावर आपल्या लेकराचे काय होते, एवढेच विचारात घेतले होते.

आता एक कडू गोष्ट. शहरांच्या नंबरांचे एवढे आकर्षण आपल्याला का वाटते? कारण क्रमवारी लावणे ही या समाजाची जुनी सवय आहे. जातिव्यवस्थेचे वर्णन बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता असे केले. वर जावे तसा मान वाढतो, खाली यावे तसा तिरस्कार वाढतो आणि प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असतो, म्हणून कोणीच ती शिडी मोडायला तयार होत नाही. शहरांच्या अभिमानातही हीच चाल आहे. ज्याच्या घरात स्वतःचा संडास नाही, तोही ‘आमचे पुणे एक नंबर’ म्हणत दुसऱ्या शहराला नावे ठेवतो. त्या नंबराने त्याला काय दिले? खाली पाहायला एक शहर दिले. आपल्या वस्तीचा हिशेब मागण्याऐवजी तो परक्या शहराची टिंगल करण्यात रमतो. जन्माने मिळालेल्या जातीचा गर्व आणि जन्माने मिळालेल्या शहराचा गर्व यांत फरक आहे, हे आम्हाला मान्य आहे. शहर बदलता येते, जात बदलू देत नाहीत. पण दोन्हींत न कमावलेली गोष्ट मिरवली जाते आणि प्रश्न विचारणारा घरभेदी ठरतो.

मग चांगली तुलना कोणती? तिचा धडा महाडने दिला आहे. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. आजच्यासारखी यादी तेव्हा असती तर समतेच्या रकान्यात महाडला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. पण तळ्यावर अस्पृश्य पाणी भरू शकत होता काय? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो सत्याग्रही तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले आणि परतताना मार खाल्ला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. कागदावरचा गुण एका ओंजळीने खोटा ठरवला. शहराची परीक्षा घेण्याची आमची रीत ही आहे. ठराव किती झाले ते मोजू नका, ओंजळीत पाणी आले का ते पाहा.

अभ्यासकांनीही अशी तुलना केलेली आहे. त्रिना विथायथिल आणि गायत्री सिंग यांनी २००१ च्या जनगणनेतील प्रभागवार आकडे घेऊन देशातील सात सर्वांत मोठ्या महानगरांचा अभ्यास केला. तो २०१२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये प्रसिद्ध झाला. शहरात माणसे पैशाप्रमाणे वेगळी राहतात की जातीप्रमाणे, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर मिळाले की आर्थिक स्तरापेक्षा जातीची विभागणी अधिक तीव्र आहे. ‘शहरात जात कुठे राहिली?’ असे विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. पुणे त्या सातांत नव्हते. पण ज्याला आडनाव सांगितल्यावर ‘फ्लॅट कालच गेला’ असे ऐकावे लागले आहे, त्याला पुण्याचा आकडा सांगण्याची गरज नाही.

आमचे काही मित्र म्हणतात, क्रमवारीमुळे महापालिका जाग्या होतात, स्पर्धा लागते, कामे होतात. यात तथ्य आहे आणि आम्ही ते नाकारत नाही. पण ती कामे कोण करते आणि श्रेय कोणाला जाते हेही पाहा. पुण्यात कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून या सभासद घरोघरी जाऊन कचरा गोळा करू लागल्या. यांतल्या बहुसंख्य स्त्रिया दलित आहेत. ओला-सुका कचरा वेगळा करण्यात पुणे देशात नावाजले गेले ते यांच्या हातांमुळे. २०२० च्या अखेरीस करार संपला तेव्हा याच बायांना कामाच्या हक्कासाठी महापालिकेचे दार ठोठवावे लागले. आणि २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात पुणे पाचवे आले. नंबर शहराचा, आणि उद्याची चिंता कचरा उचलणारीची.

आणखी एक तारीखवार नोंद करून ठेवू. ऑगस्ट २०१८: जगण्यास सुलभ शहरांत पुणे पहिले. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र: आंबिल ओढ्याला पूर आला, काठच्या वस्त्यांत पाणी शिरले, माणसे वाहून गेली, भिंती पडून मेली. मार्च २०२१: पुणे दुसरे. २४ जून २०२१: दांडेकर पुलाजवळ त्याच ओढ्याकाठची घरे ऐन पावसाळ्यात, कोरोनाच्या साथीत पाडायला यंत्रे आली आणि न्यायालयाने स्थगिती दिल्यावर थांबली. ओढा आणि त्याच्या काठचे लोक चारही तारखांना तिथेच होते. दोन तारखांना शहराचे अभिनंदन झाले, दोन तारखांना वस्तीने छप्पर गमावले. या चार तारखा एका ओळीत लिहिल्याशिवाय पुण्याचा नंबर वाचू नये.

म्हणून आमची मागणी साधी आहे. तुलना करा, खुशाल करा, पण शहराआधी प्रभागांची करा. एका प्रभागाला दिवसात किती तास पाणी मिळते आणि दुसऱ्याला किती, हे शेजारी शेजारी लिहा. एका सार्वजनिक संडासाच्या सीटमागे किती माणसे, ते लिहा. मैला साफ करायला माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी कोणत्या शहरात किती माणसे उतरवली गेली, किती मेली, त्यांची आडनावे काय होती, याची क्रमवारी लावा. कंत्राटी सफाई कामगाराच्या हातात प्रत्यक्ष किती पगार पडतो, हे नागपूर, औरंगाबाद, सोलापूर आणि पुणे यांचे आकडे एकत्र ठेवून पाहा. वस्तीतल्या किती मुली बारावीपुढे गेल्या, ते मोजा. आडनाव न विचारता घर भाड्याने मिळणारे शहर कोणते, याची एकदा यादी होऊ द्या. त्या यादीत पुणे पहिले आले तर आम्ही स्वतः लेझीम घेऊन मिरवणूक काढू.

अशी यादी सरकार करणार नाही असे म्हणून हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. मुक्ता साळवेकडे मंत्रालय नव्हते, निरीक्षक नव्हते. एक शाळा होती आणि पाहिलेले-ऐकलेले खरे लिहिण्याची हिंमत होती. आज आपल्या वस्त्यावस्त्यांत पदवीधर मुले-मुली आहेत, माहितीचा अधिकार आहे, खिशात फोन आहे. येत्या १४ एप्रिलला मंडप घालताना प्रत्येक मंडळाने आपल्या वस्तीचे पाच आकडे गोळा करावेत: पाणी, संडास, शाळा, रोजगार, घराचा कागद. ते ठळक अक्षरांत मंडपाच्या दारात लावावेत आणि शेजारी आपल्याच नगरसेवकाच्या सोसायटीचे तेच पाच आकडे लावावेत. पुण्यातली खरी क्रमवारी त्या दिवशी सुरू होईल.

जय भीम!